फोन वर केला की खेळ संपतो

मंडळी, मी हरलोय.

आज सकाळी शिरगावात, आमच्या बिल्डिंगशेजारच्या रेतीच्या ढिगावर माझी साडेतीन वर्षांची स्वरा खेळत होती. केस विस्कटलेले, गालाला रेती. मी हळूच फोन वर केला. ती लगेच उठली, फ्रॉक झटकला आणि मान वाकडी करून दोन बोटं दाखवत उभी राहिली.

"अगं, तू खेळ ना. माझ्याकडे बघू नको."

"मग फोटो कसा काढणार, बाबा?"

फोन खिशात टाकला. थोड्या वेळाने बघतो तर ती शेजारच्या छोट्या विहानसमोर फरशीचा तुकडा फोनसारखा धरून ओरडतेय, "हलू नको. हस. नीट हस. परत."

हुबेहूब मी. असाच फोटो हवा होता, पण खिशात हात घालवेना.

तुमची मुलं तुमची नक्कल करतात, तेव्हा हातात काय धरतात?