हेडलीची चाचणीची फिल्म

हिटलर मेला त्याला वर्ष झालं, तरी आम्हा आरमारी इस्पितळातल्यांना सोडत नव्हते. साहेबांचं एकच उत्तर, "तुम्ही गेलात तर बाकीच्यांना तपासून घरी कोण पाठवणार?" प्रत्येक खलाशाच्या छातीचा एक्स-रे काढूनच त्याला सोडायचं, असा हुकूम होता.

हेडली पास्को यंत्र चालवायचा. रोज सकाळी ते नीट चालतंय का बघायला तो आधी स्वतःच समोर उभा राहायचा. फिल्म स्पष्ट आली की मी ती खणात टाकायचे आणि पहिल्या खलाशाला हाक मारायचे.

"बायको विचारते, तुझ्यापुरतीच लढाई चालू आहे का रे?" हेडली खोकत म्हणायचा.

ऑगस्टात एकदाचा त्याचा नंबर लागला. डॉक्टरांनी त्याची फिल्म उजेडासमोर धरली, ती खाली ठेवेचनात. उजव्या फुप्फुसात क्षयाने भोक पाडलं होतं.

मी तो खण उपसला. फेब्रुवारीच्या फिल्ममध्ये डाग वाटाण्याएवढा होता. मग तो महिन्यामहिन्याला वाढत गेलेला. आणि प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "यंत्र उत्तम."