अंबूबाईची चंद्री आणि माझं घड्याळ

त्रेसष्ट साली कडेगावजवळच्या आमच्या गावात दूध संस्था निघाली आणि तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन मी तिचा सुपरवायझर झालो. मनगटावर नवं घड्याळ, खिशात वही आणि डोक्यात भरपूर हवा.

सगळ्यात उशिरा दूध आणायची ती अंबूबाई. पन्नाशीची विधवा. घरात माणसं दोनच: ती आणि तिची म्हैस चंद्री. गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, पण गोठ्यात शिरली की आवाज एकदम मऊ. तिच्यापायी कराडची दुधाची गाडी रोज खोळंबायची आणि गाडीवाल्याच्या शिव्या मला खाव्या लागायच्या.

एका पहाटे मी घड्याळ लावून तिच्या गोठ्यात बसलो. पाणी तापवायला दहा मिनिटं, कास धुऊन चोळायला पाच, म्हशीशी गप्पा पाच. धार मात्र सातच मिनिटं! पहिल्या वीस मिनिटांवर मी वहीत फुली मारली.

"अंबूबाई, उद्यापासून बसलात की थेट धार."

"आवं सायेब, ती रुसंल की!"

"म्हशी रुसत नाहीत," मी म्हणालो. माझं तेव्हा लग्न झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चंद्रीनं पान्हा चोरला. दूध निम्म्यावर आलं, पाचव्या दिवशी तांब्याभर. मी पेंडीला दोष दिला, हवेला दिला, चंद्रीच्या स्वभावालाही दिला. अंबूबाई आता अगदी वेळेवर यायची. आणायला दूध तेवढं नसायचं.

सहाव्या दिवशी ती रिकामी चरवी घेऊन संस्थेच्या पायरीवर बसली. भांडली नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

"आटली तर म्हसवडच्या बाजारात न्यावी लागंल," ती म्हणाली. "मग म्या घरात बोलू कुनासंगं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही उपाय सापडतो का म्हणून शिक्षणातली टिपणं असलेली वही उघडली. तिसऱ्याच पानावर, माझ्याच अक्षरात: 'धारेआधी कास कोमट पाण्यानं धुवावी, हलकी चोळावी. जनावराशी ओळखीच्या आवाजात बोलावं. घाई करू नये.' त्या तासाला मी झोपलो होतो. शेजाऱ्याच्या वहीतून नंतर उतरवून घेतलं होतं.

तिला वाचून दाखवलं.

"म्हंजी समदं माजंच लिवलंय की," अंबूबाई म्हणाली. "मग तुमी बदललं काय?"

दुसऱ्या दिवसापासून तिची चूल मी पेटवायला लागलो. ती शेण काढेपर्यंत पाणी तयार. तिची दहा मिनिटं वाचली आणि गाडी खोळंबायची बंद झाली. एवढी एकच सुधारणा माझ्या हातून झाली.

चंद्रीनं तीन दिवस दाद दिली नाही. चौथ्या दिवशी मी चुलीपाशी फुंकणी घेऊन खोकत होतो, तेव्हा गोठ्यातून अंबूबाईचा आवाज आला. "सोड गं बाई आता पान्हा. सायेब चूल फुकाय शिकलं."

आणि चरवीत धार वाजली.