मिठाच्या मॅडम आणि पुण्यातला समुद्र

आमच्या मॅडम दर सोमवारी सकाळी पुण्यात समुद्र तयार करत. साहित्य साधे असे: खडकवासल्याहून नळाला आलेले आणि क्लोरीन उडून जावा म्हणून उघडे ठेवलेले पाणी, मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ आणि पिंपात ते ढवळायला एक लांब काठी. ही काठी त्या दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. "खिचडी नाही ढवळायची, अरबी समुद्र ढवळायचाय," असे म्हणून त्या आम्हा विद्यार्थ्यांना बाजूला सारत. मिठाची पोती आत जाताना पाहून फाटकावरच्या सुरक्षारक्षकांनी त्यांना 'मिठाच्या मॅडम' हे नाव दिले होते. त्यांच्या कानावर ते आलेच होते. "चला, संस्थेत एका तरी माणसाला माझा विषय कळला," एवढेच त्या म्हणाल्या.

विषय माकुळाचा होता. हॉटेलच्या मेनूकार्डावर ज्याला स्क्विड म्हणतात, तो हा माकूळ. त्याची मादी किनाऱ्याजवळच्या पाण्यात अंडी घालते. ती पांढरट, बोटभर लांबीच्या, जेलीसारख्या शेंगांत असतात आणि त्या शेंगांचे घोस तळाशी चिकटून डोलत राहतात. पावसाळ्यात नद्या आपले गोडे पाणी तिथे आणून ओततात आणि समुद्राचा खारटपणा उतरतो. तो किती उतरला की पिल्ले बाहेर येणे थांबते, हे आम्हाला मोजायचे होते. पाणी फार फिके झाले तर अंडी फुगतात आणि आतले पिल्लू वेडेवाकडे वाढते. फार खारट झाले तरी त्याचे हाल होतात. "मधे जो पट्टा उरतो ना, तेवढंच त्यांचं जग," असे मॅडम सांगत. हे संशोधन किनाऱ्यावर का करत नाही, असे पाहुणे हमखास विचारत. "तिथे खारटपणा समुद्र ठरवतो, इथे मी ठरवते," असे उत्तर त्यांना मिळे.

मी त्यांच्याकडे गेले ती समुद्राच्या ओढीने नव्हे. मी सरळ विचार केला होता: पुण्यात माकुळावर काम करू पाहणाऱ्यांची स्पर्धा जवळजवळ शून्य, प्रश्न नेमका, आणि एक चांगला शोधनिबंध हाती आला की परदेशातल्या प्रयोगशाळेचे दार उघडण्याची शक्यता बरीच. पहिल्याच भेटीत मी हे त्यांना सांगून टाकले. "प्रामाणिक आहेस. बाकीचे गुण दिसले की कळवेन," त्या म्हणाल्या. दिसल्याचे त्यांनी अद्याप कळवलेले नाही.

कसबा पेठेतल्या आमच्या घरात 'अंडी' या शब्दानंतरचे वाक्य आईला ऐकूच येत नसे. "पुण्यात समुद्र नाही, हे तुमच्या मॅडमना कुणी सांगितलं नाही का गं?" असे तिने एकदा जेवताना विचारले. मी तो प्रश्न दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा पोहोचवला. "कळलंय म्हणावं. म्हणून तर करावा लागतो," मॅडम काठीवरची नजर न काढता म्हणाल्या. आईला हे उत्तर इतके पटले की त्यानंतर तिने माझ्या संशोधनाविषयी तक्रार केली नाही, चौकशीही केली नाही.

आम्हाला 'अगं ए', 'अरे ए' करणाऱ्या मॅडम अंड्यांशी मात्र आदराने बोलत. "आपण डोळे कधी दाखवणार?" अशी टाकीवर वाकून विचारणा होई. शेंगेच्या आत दोन काळे ठिपके उमटले की पिल्लाचे डोळे तयार झाले, असे समजायचे. अंड्यांना ऐकू येत नाही, हे मी एकदा शास्त्रीय शिस्तीने त्यांच्या निदर्शनास आणून दिले. "तुम्हाला तरी कुठे येतं? तरी बोलतेच ना मी," हे त्यावरचे उत्तर.

या सगळ्या थट्टेखाली एक गोष्ट मात्र कुणी मोठ्याने बोलत नसे. मॅडमच्या बनवलेल्या समुद्रात तोवर एकही पिल्लू धडपणे जन्मले नव्हते. किनाऱ्यावरून थर्मोकोलच्या पेट्यांतून अंडी येत. काही घाटातच सडत, काहींवर बुरशी चढे, आणि जी टिकत ती धक्क्याने वेळेआधी फुटत आणि तोंडाशी बलकाची पिशवी लोंबत असलेली पिल्ले दिवसभरात मरत. हंगामाच्या अखेरीस मॅडम निवृत्त होणार होत्या. टाक्यांतली अंडी ही त्यांची शेवटची खेप होती.

टाक्यांच्या खोलीच्या दारावर त्यांच्या हस्ताक्षरात एक नियम चिकटवलेला होता: 'पाण्यात चूक करणाऱ्यास हंगाम संपेपर्यंत या खोलीत प्रवेश नाही.' तो केवळ शोभेचा नव्हता. साबणाचा हात टाकीत घालणारा आमचा एक सहकारी उरलेला हंगाम वरच्या मजल्यावर संगणकापुढे बसून होता आणि जिन्यात भेटला की मॅडम त्याला विचारत, "काय, कोरडा आहेस ना?"

एप्रिलमध्ये मामेबहिणीच्या लग्नासाठी मी शनिवार-रविवारची रजा घेतली. टाक्या मॅडमनी स्वतः सांभाळायच्या ठरवल्या. सोमवारी मी आले तेव्हा त्या खोलीबाहेर उभ्या होत्या आणि सगळ्यांना बोलावणे गेले होते.

"पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी काय घालायचं?" त्यांनी विचारले.

"साधं पाणी," आम्ही एका सुरात म्हणालो.

"मी पिंपातलं खारं घातलं. दोन्ही दिवस. निवृत्तीच्या कागदांचा विचार करत होते आणि हात आपोआप पिंपाकडे गेला. दोन नंबरची टाकी खारट झालीये. अंडी गेली."

ती टाकी मुळात साध्या समुद्राइतक्या खारटपणाची होती. बाकीच्या, कमी-जास्त खारटपणाच्या टाक्यांची तुलना तिच्याशी व्हायची होती. तिच्यासारखीच दुसरी टाकी सुदैवाने शाबूत होती. मी मीटरवर आकडा पाहून आले आणि म्हणाले, "मॅडम, जोडीच्या टाकीवर भागेल. चालेल."

"टाकी चालेल. मी चालणार नाही." त्यांनी दारावरच्या कागदाकडे बोट दाखवले आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"अहो मॅडम, तो नियम विद्यार्थ्यांसाठी आहे."

"असं लिहिलंय कुठे?"

आम्ही विनवण्या केल्या, नियमाचा कागद काढून टाकू असेही सुचवले. "मग वरच्या मजल्यावरच्याची आधी माफी मागावी लागेल. ते मला जड जाईल," त्या म्हणाल्या आणि कॉरिडॉरमध्ये एक खुर्ची टाकून बसल्या. पुढचे सगळे दिवस त्या तिथेच असत. मी बाहेर आले की एका शब्दात प्रश्न येई. "डोळे?" "दिसले." "बुरशी?" "नाही." मधल्या वेळात त्या माझ्या निबंधाचा मसुदा तपासत. 'काही अपरिहार्य कारणांमुळे एक टाकी वगळण्यात आली' या माझ्या वाक्यावर लाल रेघ आली. "कारण अपरिहार्य नव्हतं. कारण मी होते. तसं लिही," त्या म्हणाल्या. मी तसे लिहिले.

निवृत्तीला आठवडा उरला असताना, एका दुपारी, शाबूत टाकीतली एक शेंग फाटली आणि तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी मागच्या मागे उसळून पाण्यात आले. मग दुसरे आले. मी ओरडतच बाहेर धावले. मॅडम ताडकन उठल्या, दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या.

"या ना आत!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी वाद घातला नाही. त्या नियमात काय लिहिले आहे आणि काय नाही, याचा विचार मी कितीतरी दिवस करत होते. आत जाऊन मी एक पिल्लू टाकीतल्याच पाण्यासह अलगद बीकरमध्ये घेतले आणि कॉरिडॉरमध्ये आणले.

"तुम्ही आत यायचं नाही, एवढंच लिहिलंय. त्यानं बाहेर यायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही."

"नियम गलथान लिहिलाय," मॅडम म्हणाल्या आणि बीकर दोन्ही हातांनी घेऊन खिडकीच्या उजेडात धरला.

पिल्लाच्या अंगावर तांबूस ठिपके उघडत होते, मिटत होते. त्याने एकदा झेप घेतली आणि शाईचा टाचणीच्या डोक्याएवढा ढग सोडला. "बलक सगळा आत गेलाय," मॅडम हळूच म्हणाल्या, "वेळेआधी नाही आलेलं. पूर्ण दिवसांचं आहे." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे काचेला जवळजवळ टेकवले. आतल्या टाकीत पिल्ले येतच होती आणि मला ती मोजायची होती, म्हणून मी बीकरसाठी हात पुढे केला.

मॅडमनी तो दिला नाही. "थांब गं जरा," म्हणाल्या.