हेझलचं गॅरेज

हेझल नॅनकिव्हेलचा भाऊ जेटीवर गेला. खेकड्यांचं जाळं वर ओढता ओढता खाली बसला, तो उठलाच नाही. कॉल त्याचं नाव. अडुसष्ट वर्षांचा होता, धान्य साठवायच्या उंच टाक्यांवर, सायलोंवर, अडतीस वर्षं फिटर म्हणून राबलेला. हेझल त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. गावाच्या कचेरीत टपाल आणि टंकलेखन सांभाळून ती नुकतीच निवृत्त झाली होती. लग्न दोघांचंही झालेलं नव्हतं. आई गेल्यावर बावीस वर्षं ती दोघं त्याच चुनखडीच्या दगडाच्या घरात राहत होती. मधल्या कुंपणाच्या अलीकडे आमचं घर, त्यामुळे हे सगळं मी रोजच्या रोज बघितलेलं आहे.

पोर्ट कॅरॉन समुद्रकाठचं लहान गाव. उत्तरेचा वारा सुटला की सायलोंवरची धूळ प्रत्येकाच्या खिडकीत येते, आणि कोण कोणाशी बोलत नाही हेही तसंच घरोघर पोचतं. हेझल आणि कॉल एकमेकांशी भांडले असं कोणी कधी ऐकलं नाही. ते बोलले असंही फारसं कोणी ऐकलं नाही.

कॉलचं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. गाडी बारा महिने बाहेर उन्हात, आत हत्यारं. दारापासून हातभर आत त्याने जमिनीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली होती. कापण्याची यंत्रं चालू असतात, कोणी मध्ये येऊन बोट घालवू नये, म्हणून. पण यंत्रं बंद असतानाही हेझल ती रेघ ओलांडत नसे. सुट्टीच्या दिवशी, आणि पुढे निवृत्तीनंतर रोज, दहा वाजता आणि तीन वाजता ती चहाचा मग आणायची, रेघेच्या अलीकडे पालथ्या घातलेल्या डब्यावर ठेवायची आणि म्हणायची, "चहा, कॉल." आतून "हं" यायचं. मी शेजारी राहायला आले तेव्हापासून हे असंच.

दफन झाल्याच्या चौथ्या दिवशी कॉलचे तीन मित्र ट्रेलर घेऊन आले. ट्रेव्हर बिडल पुढे होता, तो आणि कॉल शाळेपासूनचे.

"हेझल, कॉल नेहमी म्हणायचा बघ, 'ट्रेव्ह, मी गेलो की लेथ तू घे.'"

हेझल म्हणाली, "न्या."

लेथ, लाकूड फिरवून कातायचं यंत्र, गेलं. मग त्याच्यामागून ड्रिल गेलं, कामाचा उंच बाक गेला, रंधे गेले, पटाशा गेल्या. भिंतीवरची हत्यारंसुद्धा गेली. जाताना त्यांनी हेझलला वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा उकडलेले खेकडे दिले. ते वाईट लोक नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की तिच्या अंगणातली अडगळ आपण दूर करतोय.

दुसऱ्या दिवशी मी पास्ट्या, मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्या, घेऊन तिच्याकडे गेले, तर ती गॅरेजच्या दारात उभी. समोरच्या भिंतीवर कॉलने हिरवा फळा ठोकलेला होता, आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती, कुठलं कुठे टांगायचं ते कळावं म्हणून. हातोडी, पकड, करवत, लहानमोठे पाने. हत्यारं नव्हती, आकृत्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"चौसष्ट आहेत," हेझल म्हणाली. "एवढी होती हे मला माहीतच नव्हतं."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिने ते दार उघडलं नाही.

उघडलं ते एका खुर्चीमुळे. स्वयंपाकघरातली आईची खुर्ची, तिचा मागचा पाय सैल झाला. कॉल असता तर संध्याकाळपर्यंत नीट करून ठेवली असती. हेझलने ती ट्रेव्हरकडे दिली. "ठेव इथे, बघतो," तो म्हणाला. तीन महिन्यांनी विचारलं, तर म्हणाला, "अगं, कसली घाई? तुझ्याकडे आणखी तीन आहेत ना? बसणारी तर तू एकटीच!"

तो हसला. तीही हसली असेल बहुतेक, तिचा स्वभाव तसा. पण त्याच दुपारी ती खुर्ची खांद्यावर टाकून भर रस्त्याने घरी घेऊन आली. मी हाक मारली तर थांबली नाही.

गावात पुरुषांची एक शेड आहे, म्हातारे तिथे जमून लाकूडकाम करतात. हेझल तिथेही गेली होती. त्यांनी तिला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, बायकांचा दिवस महिन्यातला पहिला गुरुवार, त्या दिवशी कुंड्या रंगवतात. "मला कुंडी नको होती," ती मला म्हणाली, "पाय बसवायचा होता."

मग ती एका शेतावरच्या लिलावात गेली. म्हातारं जोडपं शेत सोडून चाललं होतं, सगळं सामान अंगणात रांगेने मांडलेलं. हेझलने हात वर केला तो गंजलेल्या हत्यारांच्या एका खोक्यासाठी. लिलाव करणारा ओळखीचा, त्याने सगळ्यांसमोर थट्टा केली, "हेझल, नीट बघ हं, त्यात स्वयंपाकाचं काही नाहीये!"

"मला डोळे आहेत, ग्रँट. तू पुकार."

खोक्यात एक लहान हातोडी निघाली, दोन पटाशा, मोडक्या मुठीची करवत, आणि तळाशी जाड लोखंडी वाइस, ज्याच्या जबड्यात लाकूड आवळून धरतात तो. इतका गंजलेला की फिरतच नव्हता. हेझलने तो रॉकेलच्या बादलीत बुडवला आणि दिवसातून दोनदा जाऊन त्याचा दांडा हलवून बघू लागली. नवव्या की दहाव्या दिवशी तो फिरला. मी कपडे वाळत घालत होते. ती कुंपणाशी आली, हात काळे, आणि म्हणाली, "फिरला." एवढंच. दुसरं कोणी सांगायला नव्हतं म्हणून मला सांगितलं, हे मला कळत होतं.

खुर्चीचा पाय पहिल्यांदा बसवला तो आठवड्यात निघाला. दुसऱ्यांदा तिरका बसला. वाचनालयातून तिने एक जाडं पुस्तक आणलं, त्यात वाचून लाकूड चिकटवायचा सरस उकळायला शिकली. महिनाभर आमच्याकडे वास यायचा, आमचा कुत्रा कुंपणाशी जाऊन भुंकायचा. चौथ्या खेपेला पाय बसला. त्या खुर्चीवर ती स्वतः बसली नाही, मला बोलावून आधी मला बसवलं.

गॅरेज असंच, तुकड्या-तुकड्याने लागत गेलं. जेटीच्या जुन्या फळ्या बदलल्या तेव्हा काढलेल्या फळ्यांचा ढीग किनाऱ्यावर पडला होता. त्यातल्या चार तिने आणवल्या. शंभर वर्षं खारं पाणी प्यालेलं लाकूड, करवतीला दाद देईना. त्याचा बाक करायला तिला अख्खा हिवाळा लागला. कॉलचा बाक माझ्या छातीशी यायचा. हेझल चणीने लहान, तिने बाक आपल्या मनगटाच्या उंचीचा केला. "आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट माझ्या मापाची आहे," ती म्हणाली, आणि मग एवढं बोलल्याची लाज वाटल्यासारखी झाडू शोधायला लागली.

गॅरेजला खिडकी नव्हती. कॉल म्हणायचा, उजेड आत आला की लोकांचे डोळेही आत येतात. हेझलने दक्षिणेची भिंत कापून घेतली आणि पाडलेल्या शाळेची एक खिडकी तिथे बसवली. चौकटीवर पोरांनी कोरलेली नावं तशीच ठेवली. औषधाचं जुनं दुकान बंद झालं तेव्हा तिथलं लहान लहान खणांचं कपाट तिने घरी आणलं. खणांवर चिनी मातीच्या पट्ट्या आणि त्यावर औषधांची नावं. एरंडेलाच्या खणात दोन इंची स्क्रू, सोनामुखीच्या खणात खिळे, गंधकाच्या खणात पॉलिश पेपर.

"नावं बदल की," मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाला कसं सापडणार?"

"दुसरं कोण?" तिने विचारलं.

ती सहज बोलली होती, खिळे मोजत.

भिंतींना तिने फिकट पिवळा रंग दिला. कोपऱ्यात रेडिओ आला, जमिनीवर आईच्या खोलीतला जुना गालिचा. फळा तेवढा हिरवाच राहिला. तिची हत्यारं ती त्यावरच टांगायची, पण आकृत्या कॉलच्या हत्यारांच्या. मोठ्या हातोडीच्या आकृतीत हिची लहान हातोडी, लांब करवतीच्या जागी आखूड करवत. वडिलांचा कोट घातलेल्या मुलासारखं ते दिसायचं. मी एकदा म्हटलं, रंग उरलाय तर हाही रंगवून टाक. ती म्हणाली, "हो, बघू." पाच वर्षं बघतच होती.

आणि मग एका मार्चमध्ये ट्रेव्हर आला. त्याची बायको आदल्या वर्षी गेली होती, आणि त्याचे हात कापू लागले होते. गॅरेजच्या शटरसमोर गाडी उभी करून तो बराच वेळ आतच बसून राहिला. मी तेव्हा हेझलकडेच होते, वेताची बैठक विणताना एक टोक ताणून धरायला तिने मला बोलावलं होतं.

तो आला तो कॉलचा लांब रंधा घेऊन. दार ओलांडून आत आला आणि पांढऱ्या रेघेशी आपोआप थांबला.

"ये की आत," हेझल म्हणाली.

त्याने सगळीकडे नजर फिरवली, पिवळ्या भिंतींवरून, खिडकीवरून. सरळ फळ्याशी गेला आणि कापऱ्या हातांनी रंधा त्याच्या आकृतीत टांगला. बरोबर बसला.

"माझ्याच्यानं आता होत नाही," तो म्हणाला. "म्हटलं, जागच्या जागी ठेवावा. बाकीचंही आणतो हेझल, लेथसुद्धा."

"लेथ नको. मला त्याचं काही काम नाही."

"आम्हाला तेव्हा वाटलं, तुला यातलं काही..."

"ट्रेव्हर," ती हातातला वेत खाली ठेवत म्हणाली, "त्या दिवशी तुमच्यापैकी एकानं विचारलं असतं, 'हेझल, यातलं तुला काही ठेवायचंय का?' तर मी नाहीच म्हटलं असतं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. पण विचारायला हवं होतं."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण वेताचं टोक हातात होतं.

ट्रेव्हरने विचारलं, "कॉल तुला कधी काही शिकवायचा का गं?"

"तो मला काही सांगायचाच नाही. तुला सांगायचा?"

"मला?" ट्रेव्हर म्हणाला. "पन्नास वर्षं आम्ही मासे धरले. फक्त वाऱ्याविषयी बोलायचा."

तेव्हा मात्र दोघं हसली, खरंखुरं. हेझलने त्याला चहा दिला, त्याचा हात हलतो म्हणून कप अर्धाच भरला.

तो गेल्यावर तिने रंधा फळ्यावरून काढला, खिडकीच्या फळीवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पिवळा रंगवला. रंगाच्या पहिल्या हाताने आकृत्या झाकल्या गेल्या नाहीत, तीन हात द्यावे लागले. उन्हं तिरपी आली की अजूनही काही कडा पुसट दिसतात.

ट्रेव्हर पुन्हा दोनदा येऊन गेला. मग त्याच्या मुलाने त्याला शहरात, ॲडलेडला, आपल्याजवळ राहायला नेलं.

हेझलच्या भाचीचंही, लग्न होऊन शहरात गेलेल्या बहिणीच्या मुलीचं, तेच म्हणणं होतं. मावशी चौऱ्याहत्तरची झाली, पायरीवरून पडून मनगट मोडलं, आता एकटी कशाला राहते? भाचीने शहरात आपल्याजवळ एक छानसा फ्लॅट बघितला. हेझल पंधरा दिवस राहायला म्हणून गेली आणि नवव्या दिवशी बसने परत आली. मी तिला थांब्यावर घ्यायला गेले होते.

"काय झालं?"

"काही नाही. चांगली आहे गं मुलगी. सारखी विचारते, मावशी काय हवं, मावशी काय हवं. मला काय हवं ते सांगायची सवय नाही." गाडीत बसल्यावर पुन्हा म्हणाली, "तिथे बाल्कनी आहे. बाल्कनीत मी काय करू?"

आता आसपासच्या चार गावांतून तिच्याकडे खुर्च्या येतात. पाय, पाठ, वेताची बैठक, सगळं करते. लोक आईवडिलांचं घर आवरताना एखादी खुर्ची आणतात, डोळ्यांत पाणी आणून सांगतात, बाबा हिच्यावरच बसायचे, आणि शहरात परत जातात. काहीजण न्यायला येतात. बरेच येत नाहीत. हेझल पत्र लिहिते, फोन करते, मग सोडून देते. गेल्या हिवाळ्यात मी मोजल्या, अशा अकरा खुर्च्या होत्या, दुरुस्त करून, पुसून, खिडकीपासून भिंतीपर्यंत लावलेल्या.

"देऊन टाक ना कोणाला," मी म्हटलं.

"आली माणसं तर?"

"सहा वर्षांत आली नाहीत ती आता येणार?"

ती एका पायाला कानस मारत राहिली, रेडिओवर हवामान चालू होतं, वारा नैऋत्येचा, समुद्र खवळलेला. बाहेर गालाह जातीचे गुलाबी काकाकुवे तारेवर कलकलत होते. काम करताना ती एकटी आहे असं वाटत नाही. काम थांबलं, तिने हात पुसले आणि ती त्या रांगेकडे बघत उभी राहिली, की वाटतं. मी हे तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

काल तीन वाजता मी दोन मग घेऊन गेले. दोन्ही बाकावर ठेवले आणि रांगेतली शेवटची, नक्षीच्या पाठीची खुर्ची ओढायला लागले.

"तिच्यावर नको," हेझल मागे न बघताच म्हणाली. "सरस ओला आहे अजून. ती बाजूची घे, ती चांगली आहे बसायला."