सतराव्या सोमवारचा चुरमा

"तिला हा त्रास उपाशी राहून नाही, एकदम खाऊन झालाय," डॉक्टर बाई म्हणाल्या. मी मनात म्हटलं, हिला डॉक्टर कुणी केलं!

माझी सोळा वर्षांची गिरिजा बीडच्या दवाखान्यात आयसीयूत होती. तोंडावर मास्क, छाती जेमतेम हलत होती. एबीजी, म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त काढून करतात ती तपासणी, त्यात कळलं की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलाय. फुफ्फुसं ठीक होती, पण श्वास ओढणाऱ्या स्नायूंत ताकदच उरली नव्हती.

त्या दिवशी मी दोन नावं ऐकली. अनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं माणूस जेवण कमी करत जातं आणि हाडं दिसली तरी स्वतःला जाडच समजतं. दुसरं रिफीडिंग सिंड्रोम. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्यानं पेशींत जातं, रक्तात कमी पडतं आणि स्नायू ढिले पडतात. पहिल्या आजाराला मी भक्ती समजले. दुसरा तर माझ्याच हातानं झाला.

पाटोद्याला आमचं किराणा दुकान आहे. घरात सगळे महादेवाचे भक्त. गिरिजानं सोळा सोमवार धरले तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरले. पुढं तिनं गुरुवार धरला, मग शनिवार, आणि मधल्या दिवशीही नावालाच जेवायची. पाळी थांबली. भर उन्हात ती स्वेटर घालायला लागली. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी लई नेमाची हाय." आणि मी शहाणी, ते ऐकून फुगायची.

सतराव्या सोमवारी उद्यापन केलं. तुपागुळाचा चुरमा वाटीभर तिच्यापुढं ठेवला. एक घास घेऊन तिनं वाटी सरकवली.

"परसादाला न्हाई म्हणू न्हाई. माझी शपथ हाय तुला," मी म्हटलं.

ती रडत रडत खात राहिली. पुढचे तीन दिवस चुरमा, शिरा, उसाचा रस, सगळं शपथा घालूनच. पोरगी जेवतेय म्हणून मी खुशीत होते. गुरुवारी तिचे पाय सुजले आणि एक वाक्य बोलताना ती दोनदा थांबायला लागली.

दवाखान्यात सलाईनमधून फॉस्फेट आणि जीवनसत्त्व दिलं, अन्न अगदी थोडं थोडं मोजून. रोज सकाळी रक्त नेत आणि रिपोर्ट येईपर्यंत मी बाहेरच्या बाकड्यावर बसून राही. पाचव्या दिवशी मास्क निघाला. त्या डॉक्टर बाईंच्या मी पाया पडले.

आयांनो, लेक जेवण टाळत असेल तर तिचं कौतुक करू नका. आणि भरपूर वाढूही नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

गिरिजा अजून बरी झालेली नाही. अर्ध्या चपातीला तासभर लागतो. तिच्या ताटाकडं बघायचं नाही, आग्रह करायचा नाही, नुसतं जवळ बसायचं, असं मला बजावलंय. माझ्यासारखीला ते फार अवघड जातं. काल घास हातात धरून ती म्हणाली, "आई, मला भ्या वाटतंय."

"मला बी वाटतंय गं," मी म्हटलं. लेकीजवळ असं मी कधी बोलले नव्हते.

मी भिंतीकडं बघत बसले. बऱ्याच वेळानं तिच्या चावण्याचा आवाज आला, आणि तो थांबू नये म्हणून मी तोंडात पदर कोंबून रडले.