अर्थिंगचा खड्डा

आखाडा बाळापुरातल्या निम्म्या घरांची वायरिंग पुंजाजींच्या हातची. पण त्यांच्या स्वतःच्या घराला धड अर्थिंग नव्हतं. तार अंगणातल्या बंद हापशाला गुंडाळलेली. दिव्याखाली अंधार! शेजारी म्हणून मी कितीदा टोकलं, तर नुसते हसायचे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला त्यांची एकुलती एक लेक दीपमाला नवऱ्यासोबत पुण्याहून इलेक्ट्रिक गाडीनं आली. शहरात ही गाडी फार सोयीची म्हणे, निजताना प्लग लावला की सकाळी तयार. इथं मात्र चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग नसेल तर ती वीजच घेत नाही.

"वायरमनच्या घरी अर्थिंग नाही?" जावई चारचौघांत म्हणाला.

शेवटी गाडी माझ्या दारात चार्ज झाली. माझं अर्थिंग पुंजाजींनीच केलेलं! त्या दिवशी ते जेवले नाहीत. जावई गेल्यावर आठवड्यात त्यांनी अंगणात पुरुषभर खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ भरलं आणि लेकीला फोन लावला, "आता ये. लाल दिवा यायचा न्हाई."

"येईन बाबा, पण वाटेत चार्जिंगचा भरवसा नाही," ती म्हणाली. पुढं दर सणाला हेच. एसटी बंद पडली होती का, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं. पण सिंधूबाई, तिची आई, लगेच लेकीची बाजू घ्यायची. "लहान लेकरू घेऊन यष्टीत कशी येईल ती? त्या गाडीचंच काही खरं न्हाई."

अर्थिंगचा खड्डा ओला ठेवावा लागतो. सिंधूबाई रोज तुळशीला तांब्या आणि खड्ड्याला बादली घालायची. यंदा होळीनंतर तिनं अंथरूण धरलं. दारात हॉर्न वाजला की मान वळवायची. पुंजाजींनी दोनदा फोन केला. दोन्हीदा तेच उत्तर. तिचं मात्र नवऱ्याला रोजचं बजावणं चालूच, "आवं, खड्डा सुकू देऊ नका. पोरगी येईल अन् पुन्हा तकलीफ व्हईल."

वैशाखात ती गेली. सकाळी फोन केला, तर दीपमाला आणि जावई संध्याकाळी दारात हजर. कुठंही न अडता.

दुसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर पुंजाजींनी लांब वायर बाहेर आणली.

"पाव्हणं, चार्जर काढा. परतीचा पल्ला लांबचा हाये."

जावयानं मान खाली घातली. "मामा, ही ती गाडी नाही. ही हायब्रिड आहे. पेट्रोलवर चालते, बॅटरी चालता चालता आपोआप भरते. हिला प्लग लागत नाही."

"कवा घेतली?"

"दोन वर्षं होतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, दोघांनाही आत्ताच्या आत्ता वाटेला लावावं. दीपमाला उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली. "बाबा, सुट्टी, लेकरू, घर... येईन येईन म्हणत राहून गेलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही."

पुंजाजींनी वायर कोपरापासून पंजापर्यंत सावकाश गुंडाळली. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नगंस. तुह्या मायला ह्ये ठावं न्हवतं, बरं झालं. ती शेवटपर्यंत गाडीलाच शिव्या देत गेली."