तीन नंबरच्या मशीनचा ठेका

भिंगरीला एका जागी बसवायचं औषध अजून कुणी काढलेलं नाही. जेवायला उभी, अभ्यासाला उभी, आणि झोपेतसुद्धा पाय चालूच. तिची आई बावीस वर्षं मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. ती म्हणते, "ही पोटात असताना मी मशीनपाशी उभी होते, त्याचाच गुण."

पोरगी व्हिडिओ करायचं शिकत होती. शेवटच्या वर्षाला एका गाण्याचा व्हिडिओ करून द्यायचा, शुक्रवारी पाचच्या आत. नाही दिला तर वर्ष पाण्यात. गाणं तिच्या वर्गातल्या गवयाचं. आवाज गोड, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. जागा मिळाली ती आईच्या लाँड्रीत. मालकाने रविवारी दोन तास दिले, वर बजावलं, "मशिनी बंद करायच्या नाहीत. हॉस्पिटलच्या चादरी अडतील."

अशा कामाची रीत सोपी. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं, ते फोनवर लावायचं आणि गायकाने नुसतं त्याबरोबर गायचं. पण तिथे सहा मशिनींची घरघर. टोपलीवरच्या फोनचं गवयाला काय कप्पाळ ऐकू येणार? ऐकू येत नाही म्हणायला त्याला कमीपणा वाटला, आणि भिंगरीला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. कॅमेरा घेऊन ती कधी कपाटावर, कधी चाकाच्या गाडीत.

सोमवारी तिने चित्रावर गाणं बसवलं, तर वरातीमागून घोडं. तोंड मिटलं तरी गाणं चालूच. पुन्हा दोन तास मागितले, तर मालक म्हणाला, "एकदा दिलं ते दिलं."

बुधवारपर्यंत तिने स्वयंपाकघर ते दार एवढ्यात गावभर चालणं केलं. गवई आला तो तावातावानेच.

"तू नीट दाखवलं नाहीस."

"मी ओठ दाखवले. ते तुझेच आहेत."

आई कामावरून येऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. समोर व्हिडिओ चालू, आवाज बंद. बघता बघता तिचं बोट बादलीच्या काठावर वाजायला लागलं.

"अगं, हा आमच्या तीन नंबरवर गातोय," ती म्हणाली.

"कशावर?"

"तीन नंबरच्या मशीनवर. धब घुर्र, धब घुर्र. आणि हे बघ, शेवटी कसा पळतोय. तेव्हा मशीन पिळायला लागली असणार."

भिंगरी जागच्या जागी थांबली. कॅमेऱ्यात मशीनचा आवाज आलेलाच होता. तो लावला, तर गवयाच्या ओठांवरचा एकेक शब्द धब्‌वर पडत होता. चित्र बदलता येत नव्हतं, पण गाणं पुन्हा म्हणता येत होतं.

"मी नाही," गवई म्हणाला. "माझी चाल म्हणजे काय धुणं आहे?"

"नको तर नको, बाबा," आई म्हणाली. "शुक्रवारी माशासारखं तोंड उघडमीट करत बैस सगळ्यांसमोर."

मग काय, दुसऱ्या दिवशी गवई कपड्यांच्या कपाटात. साड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणून. समोर त्याचेच ओठ, कानात मशीन, आणि बाहेर भिंगरी येरझारा घालतेय म्हणून आई ओरडतेय, "पाय वाजवू नकोस, तेही गाण्यात येतील."

शुक्रवारी पाचाला दहा कमी असताना व्हिडिओ दिला. वर्गात तो लावला तेव्हा भिंगरी बाहेर व्हरांड्यात चकरा मारत होती. दार उघडून सरांनी विचारलं, "शेवटी गाणं एकदम पळायला लागतं, ते कुणाला सुचलं?"

"मला," गवई मागून म्हणाला. भिंगरीने वळून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे… हिच्या आईला," तो म्हणाला.

"छान. पास," सर म्हणाले.

घरी आईला सगळं सांगून झालं. आई हातातली चादर झटकत म्हणाली, "आता तरी बैस घटकाभर."

बसली. ताट समोर येईपर्यंत.